बाबांच्या तोंडचा पाणीपुरवठा

"उतर की रे आता खाली. किती वेळ बसून राहणार तिथे?"

हे माझे सासरे म्हणाले, आणि तेही तोंडातल्या घासाला.

जेवणाच्या टेबलावर माझी खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला असते. त्यांचा डावा कान कामातून गेलेला आहे, त्यामुळे त्या बाजूला कोणालाच काही ऐकू येत नाही असा त्यांचा समज आहे. या समजापायी घरातल्या बऱ्याच गोष्टी मला आयत्या कळतात. घासाने काही त्यांचं ऐकलं नाही. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला, मान मागे टाकली आणि मोठी गोळी गिळावी तसा तो घास पाण्याबरोबर आत ढकलून दिला.

"काय झालं, बाबा?"

"कुठे काय? काही नाही," ते दचकून म्हणाले. "तोंड जरा कोरडं पडतं हल्ली. वय झालं."

टेबलाच्या पलीकडे आमचे हे आणि माझी लेक एकाच वेळी आपापल्या ताटात बघू लागले. इतक्या एकाग्रतेने, की ताटात उद्याचं वर्तमानपत्र छापलेलं असावं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आलाही. पण तो बाबांच्या लाळग्रंथींचा.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे माझ्या बोलण्यावरून कोणाचा तसा गैरसमज होऊ शकतो. माझं शिक्षण अर्ध्यावर सुटलं. पुढचं सगळं मी वाचून वाचून मिळवलेलं आहे, आणि असं मिळवलेलं ज्ञान माणूस जरा जास्तच घट्ट धरून ठेवतो. मागच्या वर्षी बाबांच्या हृदयाने थोडी कुरकुर केली, तेव्हापासून त्यांच्या खाण्याचं खातं मी पूर्णपणे माझ्याकडे घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, मीठ कमी करा. मी हाती घेतलेल्या कामात कसूर ठेवत नाही. मी ते बंदच केलं. तेलाचीही गच्छंती केली. आंबट पोटाला बरं नाही, तिखट कशालाच बरं नाही, आणि कडक पदार्थ चावताना जिवाला उगाच श्रम होतात, म्हणून सगळं वाफवून, मऊ करून, घोटून. एकट्या बाबांना वेगळं ताट वाढणं बरं दिसत नाही, म्हणून घरात सगळेच तेच खात होते. कोणाचीही तक्रार नव्हती. मला तर आमच्या घरच्या शिस्तीचं कौतुक वाटायचं.

त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. आमच्या ताई दुसऱ्या गावी असतात आणि तिथून आमच्या घरावर बारीक लक्ष ठेवून असतात.

"अगं, बाबा केवढे वाळलेत! कॅमेऱ्यात नुसते कान दिसतायत."

"कॅमेऱ्यात सगळेच तसे दिसतात, ताई."

"मी नाही दिसत."

ताई कुठल्याच कॅमेऱ्यात पुऱ्या मावत नाहीत, पण हे वाक्य मी गिळलं. तेव्हा माझ्या तोंडाला पाणी होतं म्हणून गिळता आलं.

"ते काही नाही," ताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी येते. सुधारलेले दिसले तर ठीक, नाहीतर सोबत घेऊन जाते. इथे खोली रिकामीच आहे. खिडकीतून झाडं दिसतात."

फोन ठेवतानाच मी ठरवलं, बाबांना जाऊ द्यायचं नाही. सून सासऱ्यांना सोडायला तयार नाही, असं म्हटलं की लोकांना वाटतं पेन्शनसाठी. तसं नाही. दुपारी हे ऑफिसात आणि लेक कॉलेजात गेली, की बाबा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं उलगडून बसतात आणि हाक मारतात, "सूनबाई, पाच अक्षरी, शेवटी 'ण'!" आणि कोडं सुटलं की विचारतात, "हं, काय नवीन वाचलंस?" या घरात मला हे विचारणारा तो एकच माणूस आहे. बाकीच्यांना मी वाचलेलं सांगते. बाबा विचारतात. या दोहोंत किती अंतर आहे, हे ज्याला कोणी विचारत नाही त्यालाच कळेल. ताईंच्या खिडकीतून झाडं दिसत असतील, पण झाडं काही कोडी सोडवत नाहीत.

तेव्हा रविवारच्या आत बाबांच्या तोंडाला पाणी आणणं हे माझं कार्य ठरलं.

आता अडचण अशी, की माणसाच्या खांद्याला, गुडघ्याला काही झालं तर चारचौघांत सांगता येतं. लाळेचं तसं नाही. हा शब्दच असा आहे की समोरचा एक पाऊल मागे सरकतो. तरीही मी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या कॅप्टनना हळूच विचारलं. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. त्यांनी जहाज कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि जहाज फक्त कॅलेंडरवर पाहिलं, पण आवाज मात्र वादळातून ओरडण्याचा आहे.

"लाळ सुटत नाही?" ते ओरडले. तिन्ही मजल्यांना बातमी गेली. "सोपं आहे! समुद्रात पिण्याचं पाणी संपलं की खलाशी तोंडात बटण ठेवतात. बटण! जीभ फसते, लाळ सुटते!"

मी हिवाळी कोटाचं एक मोठं काळं बटण उकळत्या पाण्यात धुऊन बाबांना दिलं. मोठं अशासाठी की गिळलं जाऊ नये. बाबांनी ते गालात ठेवलं आणि कोडं घेऊन बसले. अर्ध्या तासाने मी विचारलं, "बटण कसं आहे?" त्यांनी तोंड उघडून दाखवलं. बटण नव्हतं.

पुढचा तासभर आमच्या घरात जो गोंधळ झाला तो मी थोडक्यात सांगते. ऑफिसातून धावत आलेले हे पलंगाखाली शिरले. लेकीने फोनवर 'बटण गिळल्यास' असं शोधायला घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. कॅप्टन दारात येऊन सांगू लागले की खलाशांचं बटण पितळी असतं, प्लास्टिकचं वापरा असं ते बोललेच नव्हते. मी बाबांना उभं, आडवं आणि ओणवं करून पाहिलं. शेवटी ओणवं केल्यावर बटण त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून टपकन जमिनीवर पडलं.

"मीच काढून ठेवलं होतं," बाबा ओशाळून म्हणाले. "कोडं सुटायच्या नादात विसरलो. पण खरं सांगू, वाईट नव्हतं. निदान त्याला काहीतरी चव तरी—"

आणि ते एकदम थांबले. ह्यांना जोरात खोकला आला. लेकीला त्याच क्षणी अभ्यासाची आठवण झाली. मला वाटलं, बटणाच्या रंगात काही घातक तर नसेल?

शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंचा उपाय जास्त शास्त्रीय होता. "लिंबू द्या," त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की आंबट आमच्याकडे बंद आहे. "मग नुसतं दाखवा," त्या म्हणाल्या. "वर्गात मागच्या बाकावर कोणी लिंबू काढलं, तर पुढच्या बाकावरची मुलं मिटक्या मारतात." हे पथ्यात बसत होतं. त्या दिवसापासून एक अखंड, न कापलेलं लिंबू बशीत घालून मी जेवताना बाबांसमोर ठेवू लागले. बाबा त्याच्याकडे बघत बघत घोटलेला भोपळा खायचे. त्यांची नजर मला आठवते. फलाटावर सोडायला आलेल्या माणसाकडे चालत्या गाडीतून बघतात, तशी.

लिंबानेही भागेना, तेव्हा मी वाचनालयातून शरीरशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आणलं. वाचता वाचता मला त्या लाळेबद्दल इतका आदर वाटू लागला की काय सांगू. दुपारी मी बाबांना म्हटलं, "बाबा, तोंडात लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानाच्या पुढे, गालात. एक जबड्याखाली. आणि एक जिभेखाली. शिवाय ओठांत, गालांत शेकडो बारक्या."

बाबांचे डोळे चमकले. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. निवृत्त झाले तरी नळाचा आवाज ऐकून ते दाब सांगतात.

"म्हणजे तीन मोठी पंपिंग स्टेशनं," ते म्हणाले. "आणि गल्लोगल्ली हातपंप. मुख्य वाहिनी कुठे सुटते?"

"गालातली वरच्या दाढेसमोर सुटते. बाकीच्या जिभेखाली."

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि पेन्सिलीने नकाशा काढायला घेतला. गालातल्या ग्रंथीचं पाणी पातळ आणि भरपूर. ते जेवणाच्या वेळचं. जबड्याखालची ग्रंथी दिवसभर थोडंथोडं सोडते. हा बारमाही पुरवठा. जिभेखालचं जरा चिकट. त्याने घास घसरतो. पाणी येतं कुठून? रक्तातून. आणि गंमत म्हणजे ग्रंथीत ते तयार होतं तेव्हा रक्ताइतकंच खारट असतं, पण नळीतून तोंडाकडे येता येता नळीच्या भिंती त्यातलं मीठ परत काढून घेतात.

"का?" बाबांनी विचारलं.

"लाळच खारट असली तर जेवणातलं मीठ जिभेला कळणार कसं? जिभेला मीठ कळावं म्हणून शरीर एवढा खटाटोप करतं."

बाबांनी पेन्सिल नकाशावर ठेवली. "एवढा खटाटोप," ते हळूच म्हणाले, डावीकडे तोंड करून. "आणि कळवायचं काय?"

मला ते ऐकू आलं, पण मला वाटलं तो अध्यात्मातला प्रश्न आहे.

चूक झाली ती इथे. खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोक्यात पाणी म्हटलं की आधी टाकी येते. बाबांनी नकाशात तिन्ही स्टेशनांशेजारी एकेक टाकी काढली आणि मला न विचारता निदान केलं: टाकी भरायच्या आतच वापर होतोय. उपाय? वेळापत्रक. जेवणाच्या वेळेखेरीज पुरवठा बंद. म्हणजे बोलायचं नाही, गाणं गुणगुणायचं नाही, आवंढासुद्धा जपून गिळायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाबा गप्प. चहाला हाक मारली तर मान हलवली. कोड्याच्या वेळी त्यांनी पाच अक्षरी शब्द बोटांनी दाखवला. माझ्या मनात नाही नाही ते आलं. ताईंकडे जायचं ठरवून तर नाही ना बसले? हे म्हणाले, "तू काही बोललीस का त्यांना?" मी म्हटलं, "मी? मी तर त्यांच्यासाठी पडवळ गाळणीतून काढतेय!" ह्यांनी यावर फक्त डोळे मिटले.

संध्याकाळी इमारतीचे चिटणीस आले. बाबा जिन्यात त्यांच्याशी बोलले नाहीत, याने ते हादरलेले होते. "बाबा, मी कबूल करतो," ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले. "गच्चीवरची तुमची वेताची खुर्ची मीच माझ्या बाल्कनीत नेली." बाबांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पुरवठा बंद होता. "आणि तिचा पाय मोडला, तोही माझ्याच मेहुण्याने." बाबा गप्प. चिटणिसांच्या कपाळावर घाम आला आणि बोलता बोलता त्यांची जीभ टाळूला चिकटू लागली. ओठ पुन्हा पुन्हा ओले करत ते म्हणाले, "ठीक आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला नवीन झाकण न लावता जुन्यावर वीट ठेवली होती, तेही मान्य." मी त्यांना पाणी आणून दिलं. पुस्तकात वाचलेलं मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं: भीती वाटली की मेंदूतल्या तारा फिरतात आणि ग्रंथी हात आखडता घेतात. चिटणीस गेले. आमची खुर्ची त्याच रात्री नवीन पायासह परत आली. बाबांच्या एवढ्या आयुष्यात बोलून जे झालं नसेल, ते न बोलून झालं.

मग मी नकाशा पाहिला आणि मला टाक्या दिसल्या.

"बाबा, टाकी नसते हो! लाळ साठवून ठेवत नाहीत. जेवढी मागणी, तेवढी तिथल्या तिथे तयार होते. वास आला, चव लागली, दात चावायला लागले, की मेंदूच्या तळाशी एक नियंत्रण कक्ष आहे तिथे वर्दी जाते आणि तिथून पंप सुरू करायचा हुकूम सुटतो. न वापरून काही उरत नाही. उलट पंपच सुस्तावतात."

बाबांनी दिवसभराचा साठवलेला आवंढा गिळला. "म्हणजे मागणीवर चालतं," ते म्हणाले.

"पूर्ण मागणीवर."

"हं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा लिंबाकडे बघू लागले.

रविवार जवळ येत होता. मी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तोंडात आरसा घालून पाहिलं, औषधांच्या पुड्या तपासल्या, "यांतलं एकही तोंड कोरडं करणारं नाही," म्हणाल्या, आणि लाळ मोजून आणायला सांगितलं. आधी काही न खाता, नुसतं बसून जमेल तेवढी. मग काहीतरी चघळून.

प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "रक्त की लघवी?"

"लाळ."

तिने मान वर केली. मग संगणकात पाहिलं. मग मागे वळून सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "सर, यांची लाळ कशात टाकू?"

"'इतर'मध्ये टाक!"

"'इतर'मध्ये थुंकी आहे. खोकल्याची."

"मग नको. दोन्हींचे साहेब वेगळे आहेत."

शेवटी आम्हाला 'किरकोळ'मध्ये घालण्यात आलं. माझ्या सासऱ्यांनी शहराला पाणी पाजलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी किरकोळ ठरलं. असो. एका मदतनिसाने बाबांच्या हातात काचेची नळी दिली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. बाबा खुर्चीपर्यंत गेले, वर पाहिलं आणि परत आले.

"मी तिथे बसणार नाही."

खुर्चीच्या वर, भिंतीवर ठळक लाल अक्षरांत फलक होता: येथे थुंकू नये.

"बाबा, हे थुंकणं नाही," मी समजावलं. "हे संकलन आहे."

"काका, थुंकायचं नाहीच," मदतनीस म्हणाला. "मान खाली घाला आणि आपोआप गळू द्या."

"आपोआप गळतं त्याला गळती म्हणतात," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "मी जन्मभर गळती थांबवत आलोय."

अखेर मदतनिसाने फलकावर रुमाल टाकला तेव्हा ते बसले. मान खाली, नळी ओठाशी, आणि भोवती रक्त द्यायला उपाशीपोटी आलेली दहा-बारा माणसं त्यांच्याकडे टक लावून बघतायत. अशा वेळी कोणाच्या तोंडाला पाणी सुटेल? बराच वेळ गेला. नळीच्या तळाशी थोडा फेस दिसला.

"फेस धरत नाही आम्ही," मदतनीस म्हणाला.

मला राहवेना. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले आणि प्रेमाने म्हटलं, "बाबा, डोळे मिटा. घरच्या जेवणाची आठवण करा. वाफवलेला भोपळा... गाळलेलं पडवळ... बिनमिठाची मऊ मऊ पेज..."

फेसही आटला.

मदतनिसाने ती नळी बाजूला ठेवली आणि दुसरी त्यांच्या ओठाशी धरली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका लठ्ठ गृहस्थांचं रक्त देऊन झालं. त्यांनी पिशवीतून डबा काढला. झाकण उघडताच खमंग तळणीचा वास दालनभर पसरला. त्यांनी अर्धं लिंबू त्यावर पिळलं आणि पहिला तुकडा तोंडात टाकला. कुर्रम. त्या आवाजासरशी रांगेतल्या सगळ्यांनी एकदम आवंढा गिळला. आणि बाबा? बाबांनी डोळे मिटलेलेच होते. नाकपुड्या थरथरल्या, जबडा नकळत हलला, आणि नळी भरायला लागली. अशी भरायला लागली की मदतनिसाला ती काठोकाठ झाल्यावर ओढून घ्यावी लागली. बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी वर्षभरात पाहिलेलं नव्हतं.

"बघा," मी सगळ्यांना सांगितलं, "घरच्या जेवणाची आठवण करून दिली आणि लगेच फरक पडला!"

लठ्ठ गृहस्थांनी डबा पुढे करून बाबांना "घेता का एक?" म्हणून खुणेने विचारलं. मी बाबांच्या वतीने नाही म्हटलं.

त्यानंतर साहेब बाहेर आले. एका नळीत जवळपास काही नाही आणि दुसरी काठोकाठ, तेव्हा या दोन्ही एकाच माणसाच्या कशावरून, असा त्यांचा सवाल होता. आम्ही बाहेरच्या कोणाची लाळ आणून भरली, असा त्यांचा वहीम. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची चोरी होते हे ऐकलं आहे, पण लाळ उसनी आणल्याचा आळ माझ्या घराण्यावर प्रथमच आला. बाबांना ओळखपत्र दाखवावं लागलं. "त्यावर माझा फोटो आहे," बाबा म्हणाले. "पण त्यात तोंड मिटलेलं आहे."

आकडे घेऊन आम्ही परत डॉक्टरीणबाईंकडे गेलो, या वेळी हेही सोबत होते. बाईंनी आकडे पाहिले आणि त्या हसल्या. "काका, ग्रंथी ठणठणीत आहेत. हुकूम मिळाला की धबधब्यासारख्या काम करतात. मग त्यांना हुकूम का मिळत नाही? घरी जेवण कसं—"

"उत्तम!" माझे हे म्हणाले. प्रश्न पुरा व्हायच्या आतच.

"पौष्टिक," बाबा म्हणाले.

"मी चवीचं विचारतेय."

दोघंही भिंतीवरचं दाढेचं चित्र बघू लागले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर शरीरशास्त्राचं पुस्तक होतं, त्यात बसच्या तिकिटांच्या खुणा घातलेल्या. त्या काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांनी कागद ओढला आणि 'आहारात बदल करून पाहावा' एवढंच लिहिलं.

मी घरी येऊन लगेच बदल केला. आधी मी पदार्थ घोटत होते, आता घोटून गाळायला लागले.

रविवारी ताई आल्या, रिकामी बॅग घेऊन. ती बॅग त्यांनी दारातच ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. मी सकाळपासून खपून जेवण केलं होतं. पाच ताटं, पाच वाट्या, सगळं पांढरं आणि फिकं हिरवं, आणि मधोमध बशीत लिंबू.

आमच्या ताई म्हणजे तोंडावर बोलणारी बाई. माझ्या लग्नाचा फोटो बघून "बाकी सगळे छान आलेत" म्हणालेली. त्यांनी पहिला घास घेतला. जबडा एकदा हलला, आणि थांबला. हलायचं कशासाठी, तेच त्याला समजेना. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी लेकीकडे. लेकीने छताकडे. मग ताईंचा हात हळूच पाण्याच्या पेल्याकडे गेला.

"हलकं आहे," ताई म्हणाल्या. "चांगलं... हलकं आहे."

ताई असं म्हणाल्या! आणि त्याच वेळी मी पाहिलं, की माझा सोडून टेबलावरचे चारही पेले एकदम उचलले गेले, चार माना मागे गेल्या आणि चार घास पाण्याबरोबर खाली ढकलले गेले. फक्त बाबांनीच नाही. सगळ्यांनी. वर्षभर माझ्यासमोर हे होत असणार, आणि मी ग्रंथींची पुस्तकं वाचत होते. मी माझा घास तोंडात घातला. जीभ म्हणाली, कशात काही नाही. जिभेला गप्प बसवता येतं, ती माणसाळलेली असते. पण ग्रंथींना भीड नसते. घास तोंडात गोल गोल फिरत राहिला, आणि माझाही हात पेल्याकडे गेला.

"तर मग बाबा," ताई पेला ठेवून म्हणाल्या, "कपडे भरायला घेऊ या. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं, तरी तुम्ही जेवत नाही. म्हणजे तुम्हाला इथली हवा मानवत नाही."

"हवा चांगली आहे," बाबा म्हणाले.

"मग काय मानवत नाही?"

हे मीठ नसलेल्या मीठदाणीशी खेळत होते. लेकीने माझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. बाबांनी बोलायला तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटल्याचा बारीक आवाज मला आला. माझ्या बाजूला कोणाला ऐकू येत नाही, असं त्यांना वाटतं. भीतीने तोंड कोरडं पडतं, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. मागच्या वर्षी इस्पितळातसुद्धा घाबरले नव्हते ते माझे सासरे, आज मला घाबरत होते.

मग त्यांनी हात पुढे केला आणि बशीतलं लिंबू उचललं. नाकाशी धरलं. अंगठ्याच्या नखाने सालीवर एक लांब ओरखडा काढला.

तो वास! टेबलभर पसरला तो. कानांच्या पुढे, गालांत, काहीतरी टचकन आवळलं गेलं. ताईंनी आवंढा गिळला, ह्यांनी गिळला, लेकीने गिळला, मी गिळला. शेवटी बाबांनी गिळला. पाण्याशिवाय. सावकाश, अगदी चवीने.

"पुरवठ्यात दोष नाही," ते खात्याच्या आवाजात म्हणाले. "पंप चालू आहेत. वाहिन्या मोकळ्या आहेत. मागणी—"

"बाबा, सरळ सांगा ना!" ताई म्हणाल्या.

बाबांनी खुर्ची वळवली. चांगला कान आणि सगळा चेहरा माझ्याकडे केला.

"सूनबाई, मला कुठेही जायचं नाही. मला इथेच राहायचंय. दुपारी तुझ्याबरोबर कोडं सोडवायचंय, तू काय वाचलंस ते ऐकायचंय. तू माझा जीव वाचवलास, ते मी विसरलेलो नाही." त्यांनी पुन्हा एकदा आवंढा गिळला. "पण पोरी, तुझ्या हातच्या या जेवणाला चव नाही गं."